पाचशे ग्रॅमच्या पुडीत खरोखर किती? थालीपीठ भाजणीचा तोलून घेतलेला अभिप्राय

सांगलीत विश्रामबागेच्या परिसरात भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ असा माल स्वतः भाजून-दळून विकणारे एक छोटे दुकान आहे. आमच्या सोसायटीतील चाळीसेक घरे मिळून दर महिन्याला तिथे थालीपिठाच्या भाजणीच्या ४८ पुड्यांची एकत्रित मागणी नोंदवतात. पुडीवर निव्वळ वजन ५०० ग्रॅम आणि किंमत ९० रुपये असे छापलेले असते. गेले चार महिने वाटपापूर्वी मी या पुड्या तोलत आलो आहे आणि हा अभिप्राय मुख्यतः त्या तोलण्याविषयी आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. वजनात जी उणीव सापडली ती दुकान चालवणाऱ्या ताईंनी लक्षात आणून दिल्याच्या दिवशीच दूर केली, आणि आता त्यांच्या नावाला ती कायमची चिकटून राहावी हे मला रास्त वाटत नाही.

मालाबद्दल आधी थोडक्यात सांगतो. भाजणी उत्तम आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ आणि उडीद ही धान्ये वेगवेगळी भाजलेली असल्याचे वासावरूनच कळते, धने-जिऱ्याचे प्रमाण नेमके आहे, आणि दळण थोडे सरसरीत ठेवल्यामुळे थालीपीठ थापताना कडा फाटत नाहीत. दुसऱ्या महिन्याच्या मालात उडीद किंचित जास्त भाजला गेला होता; त्यानंतर तसे झाले नाही.

वजनाचा प्रश्न निघाला तो एका शेजाऱ्यांमुळे. त्यांनी घरच्या काट्यावर आपली पुडी तोलली, ती ४९१ ग्रॅम भरली, आणि त्यांनी ‘हे दुकान मापात मारते’ असे सर्वांना कळवून टाकले. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरील एका घरातून ‘आमची तर ५०५ भरली’ असे उत्तर आले. दोघांचे काटे ठीक होते आणि दोघेही खरे बोलत होते. मी एका महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले असल्याने निवाडा करायला सर्वांनी माझ्याकडे पाहिले. एका पुडीवरून निवाडा होत नाही हे सांगणे सोपे होते, पण मग किती पुड्यांवरून होतो आणि किती खात्रीने, हे करूनच दाखवायला हवे होते.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. ती परीक्षा जमते, कारण एका पातेल्यातील भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो आणि एक शीत दुसऱ्यासारखेच असते. पुड्यांचे तसे नाही. डावाने पीठ भरताना हात कधी सैल पडतो, कधी आखडता, आणि प्रत्येक पुडी पाच-सहा ग्रॅमनी इकडे-तिकडे होते. अशा वेळी एक शीत पुरत नाही. काही शिते घ्यावी लागतात, त्यांची सरासरी काढावी लागते, आणि ती सरासरी सगळ्या पातेल्याच्या खऱ्या सरासरीपासून किती दूर असू शकेल याचाही अंदाज द्यावा लागतो. हा अंदाज दोन टोकांच्या रूपात मांडला की त्याला विश्वास अंतराल म्हणतात. महाविद्यालयात मुले त्याला सरळ कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात.

पहिला प्रश्न समष्टीचा होता, म्हणजे आपल्याला नेमकी कशाची सरासरी हवी आहे याचा. आमच्या ४८ पुड्यांचीच हवी असती तर सगळ्याच तोलून मोकळे होता आले असते. आम्हाला जाणून घ्यायचे होते ते दुकानाच्या भरण्याच्या पद्धतीबद्दल: या ताई, या काट्यावर, या रीतीने पुड्या भरत राहिल्या तर पुडीमागे सरासरी किती माल पडतो? ही समष्टी आज भरलेल्या आणि उद्या भरल्या जाणाऱ्या अशा सर्व पुड्यांची आहे आणि ती पूर्ण तोलणे कुणालाही शक्य नाही. म्हणून मी ठरवले की तीन महिने, दर महिन्याला १२ पुड्या तोलायच्या आणि तीन महिने संपेपर्यंत निकाल द्यायचा नाही. ही अट आधी घालून घेणे फार गरजेचे होते. मनासारखा आकडा दिसेपर्यंत तोलत राहायचे आणि तो दिसला की थांबायचे, असे केले तर अंतरालाचा अर्थच उरत नाही.

पुड्या निवडताना खोक्याच्या वरच्या बारा उचलल्या नाहीत. ४८ पुड्यांवर पेन्सिलने क्रमांक घातले, तेवढ्याच चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या, आणि खालच्या मजल्यावरील एका लहान मुलीकडून बारा काढून घेतल्या. पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज घेणे, पाहिलेल्या शेतकऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. तिथेही कापणीचा तुकडा चांगले पीक बघून ठरवत नाहीत, यादृच्छिक आकड्यांवरून ठरवतात. ही पद्धत भारतात शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. शेजारच्याच सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, तिथे नमुना पाहणीच्या सिद्धांतावर त्यांनी काम केले, आणि विश्वास अंतरालाची कल्पना ज्यांनी घडवली ते जर्झी नेमन त्या काळात तिथेच शिकवत होते. वर्गात हे सांगताना मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे.

काट्याचेही पाहून घेतले. ओळखीच्या एका किराणा दुकानदाराकडून पडताळणीचा शिक्का असलेले ५०० ग्रॅमचे लोखंडी वजन मागून आणले आणि ते घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा वेळा ठेवले. दहाही वेळा ५०० दिसले. याला महत्त्व आहे, कारण काटाच तीन ग्रॅम कमी दाखवत असेल तर शंभर पुड्या तोलूनही ती चूक जात नाही. अंतराल अरुंद होत जातो आणि चुकीच्या जागीच अरुंद होतो. निव्वळ वजनासाठी पिशवीचे वजन वजा करायला हवे होते. रिकामी पिशवी एकेक करून ठेवली तर काटा कधी ३ दाखवी, कधी ४. म्हणून घराघरांतून वीस रिकाम्या पिशव्या झटकून गोळा केल्या आणि एकत्र तोलल्या. वीस पिशव्या ६० ग्रॅम भरल्या, म्हणजे एक पिशवी ३ ग्रॅमची.

पहिल्या महिन्याच्या बारा पुड्यांची निव्वळ वजने, ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्या क्रमाने, अशी होती: ४९८, ५०३, ४९४, ५०७, ४९१, ५००, ४९६, ५०५, ४८९, ४९९, ४९३ आणि ५०१ ग्रॅम. बेरीज ५९७६, सरासरी ४९८. प्रत्येक वजनाचा सरासरीपासूनचा फरक घेऊन त्याचा वर्ग केला तर वर्गांची बेरीज ३४४ येते. तिला बाराऐवजी अकराने भागायचे, कारण सरासरी याच बारा आकड्यांतून काढलेली असल्याने त्यांतील अकराच फरक मोकळे राहतात आणि बारावा आपोआप ठरतो. भागाकार ३१.२७ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ५.६, हे नमुन्याचे प्रमाण विचलन, म्हणजे एकेक पुडी साधारण किती हेलकावते त्याचे माप. सरासरी मात्र एका पुडीइतकी हेलकावत नाही, कारण एक जड पुडी एका हलक्या पुडीला सांभाळून घेते. ५.६ ला बाराच्या वर्गमुळाने भागले की १.६१ ग्रॅम येते, आणि ही झाली सरासरीची प्रमाण त्रुटी.

आता या त्रुटीला किती पटीने वाढवून दोन्ही बाजूंना अंतर ठेवायचे? ९५ टक्के विश्वासासाठी बहुतेकांच्या तोंडी १.९६ हा आकडा असतो. पण तो आकडा समष्टीचे प्रमाण विचलन आधीपासून माहीत असेल तेव्हाचा, किंवा नमुना चांगला मोठा असेल तेव्हाचा. आमच्याकडे बाराच पुड्या होत्या आणि विचलनाचा अंदाजही त्यांच्यातूनच घेतलेला होता. लहान नमुन्याची ही अडचण डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी हेरली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तिच्यावर उपाय प्रसिद्ध केला. तोच टी-वितरणाचा उगम; लहान नमुन्यासाठी १.९६ ऐवजी वापरायचा मोठा आकडा त्याच्याच कोष्टकातून मिळतो. अकरा मोकळ्या फरकांसाठी टी-कोष्टकात २.२०१ मिळतो. १.६१ ला त्याने गुणले की ३.५५ येते. म्हणजे पहिल्या महिन्याचा अंतराल ४९४.४ ते ५०१.६ ग्रॅम असा ठरला. १.९६ वापरला असता तर दोन्ही बाजूंना ३.१६ ग्रॅमच आले असते आणि आहे त्याहून जास्त खात्री असल्याचा समज झाला असता. फोनवरील स्प्रेडशीटमध्ये यासाठी दोन वेगळी सूत्रे असतात, एकाच्या नावात नॉर्म आणि दुसऱ्याच्या नावात टी असते. अशा कामाला दुसरे वापरावे.

५०० हा आकडा या अंतरालाच्या आत बसतो. म्हणून पहिल्या महिन्यानंतर मी सर्वांना एवढेच कळवले की दुकान माप कमी देते असे म्हणायला आधार नाही, आणि पुरते देते असे म्हणायलाही नाही. काहींना हे उत्तर पळवाटेसारखे वाटले. माझ्या मते त्या बारा पुड्या जेवढे सांगत होत्या तेवढेच ते होते.

याच वेळी ९५ टक्क्यांचा अर्थ काय असा प्रश्न आला आणि त्यावर मी जास्त वेळ घालवला, कारण चाचणीच्या पेपरातही मुले इथेच घसरतात. जत्रेत वस्तूवर कडे फेकण्याचा खेळ असतो. वस्तू जागची हलत नाही; कडे दर फेकीला वेगळ्या ठिकाणी पडते. दुकानाची खरी सरासरी ही ती न हलणारी वस्तू आहे आणि आपला अंतराल हे कडे. वेगळ्या बारा चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर कडे थोडे दुसरीकडे पडले असते. या रीतीने शंभर वेळा नमुने घेतले आणि शंभर कडी फेकली, तर साधारण पंच्याण्णव कडी वस्तूभोवती पडतील अशी ही फेकण्याची रीत आहे. ९५ टक्के हा भरवसा त्या रीतीचा आहे. हातातले एक कडे वस्तूभोवती पडले आहे किंवा नाही, हे तेव्हाच ठरून गेलेले असते. आपल्याला ते दिसत नाही, एवढेच.

तीन महिने पूर्ण झाले तेव्हा ३६ पुड्यांची सरासरी ४९७ ग्रॅम आणि प्रमाण विचलन ५.४ ग्रॅम होते. प्रमाण त्रुटी ०.९, टी-कोष्टकातील आकडा २.०३, आणि अंतराल ४९५.२ ते ४९८.८ ग्रॅम. आता ५०० बाहेर पडले होते. सरासरी पहिल्या महिन्याहून एका ग्रॅमनेच बदलली होती, पण अंतराल जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि त्यामुळे आधी जे म्हणता येत नव्हते ते आता म्हणता येत होते: पुडीमागे सरासरी १.२ ते ४.८ ग्रॅम माल कमी जात होता. तीन ग्रॅम म्हणजे ९० रुपयांच्या पुडीत सुमारे ५४ पैसे. एका घराला ते जाणवणारही नाही, मात्र हजार पुड्यांमागे ती तीन किलो भाजणी होते. अंतराल आणखी आवळून दोन्ही बाजूंना एकेक ग्रॅमवर आणायचा असता तर शंभराहून जास्त पुड्या तोलाव्या लागल्या असत्या, कारण रुंदी निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. आमच्या प्रश्नाला त्याची गरज नव्हती.

हा निकाल वाचून दुसऱ्या मजल्यावरील काकू दारात आल्या. ‘‘सर, तुम्ही ४९५ ते ४९९ म्हणता, आणि पहिल्या महिन्यात मला मिळालेली पुडी तर ४८९ची होती. म्हणजे तुमचं गणित चुकलं की.’’ त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. अंतराल सरासरीचा आहे, पुड्यांचा नाही. एकेक पुडी कुठवर जाऊ शकते हे प्रमाण विचलनावरून कळते, आणि ५.४ च्या विचलनात ४८९ची पुडी निघणे अजिबात नवलाचे नाही. छत्तीस पुड्यांत सर्वांत हलकी ४८६ ग्रॅमची होती. कायद्यातही हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ खालील आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत ५०० ग्रॅमच्या एका पुडीत १५ ग्रॅमपर्यंतची तूट सहन केली जाते, पण नमुन्याच्या सरासरीकडेही पाहिले जाते. म्हणजे आमच्या छत्तीसपैकी एकही पुडी स्वतंत्रपणे मर्यादेबाहेर नव्हती, तरी सरासरी कमी होती. काकूंना मी म्हणालो, ‘‘काकू, तुमच्या पुडीची तक्रार नाही करता येणार, सगळ्यांच्या मिळून करता येईल.’’

कागद घेऊन दुकानात गेलो. ताईंना पुड्या तोलल्या जात असल्याची आधी कल्पना नव्हती, आणि आकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काही न बोलता माझ्यासमोर एक पुडी भरायला घेतली. चिठ्ठी चिकटवलेली रिकामी पिशवी काट्यावर उभी केली, डब्यातून डावाने पीठ टाकत गेल्या, काट्यावर ५०० उमटले तशी चिमूटभर पीठ परत काढले, पुन्हा घातले, आणि पिशवी उचलली. पिशवी ठेवल्यावर काटा शून्यावर आणायचे बटण त्यांनी दाबलेच नव्हते. तीन ग्रॅमची पिशवी दर वेळी भाजणीच्या भावात तोलली जात होती. आमच्या अंतरालाच्या बरोबर मध्यावर असलेली तूट आणि माझ्या स्वयंपाकघरातील वीस पिशव्यांचे वजन एकमेकांशी जुळताना पाहणे हा माझ्यासाठी मोठ्या समाधानाचा क्षण होता. ताई म्हणाल्या, ‘‘काटा नवा घेतला तेव्हा विकणाऱ्यानं ते बटण दाखवलंच नाही हो. जुन्या तराजूत दुसऱ्या पारड्यात रिकामी पिशवी टाकायचो आम्ही.’’ त्यांनी तिथेच काट्याशेजारी कागद चिकटवला: पिशवी ठेवली की शून्य.

चौथ्या महिन्यात पुन्हा १२ चिठ्ठ्या काढल्या. सरासरी ५००.८, विचलन ४.९, अंतराल ४९७.७ ते ५०३.९. नमुना लहान असल्याने तो रुंद आहे आणि त्यातून एवढेच म्हणता येते की आता ५०० शी विसंगत काही दिसत नाही. आधीच्या आणि नंतरच्या सरासरीतील फरकाचाच अंतराल काढला तर तो ०.३ ते ७.३ ग्रॅम येतो. म्हणजे वाढ झाली असे मानायला आधार आहे. ती नेमकी तीन ग्रॅमची आहे असे मात्र या बारा पुड्यांवरून मी म्हणणार नाही.

या सगळ्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो लपवू नये. एका महिन्याच्या पुड्या बहुधा एकाच दिवशी, एकाच हाताने भरल्या जातात, त्यामुळे त्या एकमेकींसारख्या असण्याची शक्यता जास्त. तसे असेल तर छत्तीस पुड्या प्रत्यक्षात छत्तीस स्वतंत्र पुड्यांइतकी माहिती देत नाहीत आणि खरा अंतराल मी दिला त्याहून थोडा रुंद असायला हवा. तीन वेगळ्या महिन्यांत तोलल्याने ही अडचण कमी झाली, पण संपली नाही. पुढच्या वेळी दर आठवड्याला तीन-तीन पुड्या घेऊन तोलणे अधिक चांगले ठरेल.

भाजणी घ्यावी का, असे आता मला कुणी विचारले तर माझे उत्तर निःशंक ‘होय’ आहे. चव आधीपासून चोख होती आणि मापही सुधारले आहे. सोसायटीची पुढची मागणी ४८ ऐवजी ६० पुड्यांची गेली आहे, आणि चिठ्ठ्यांच्या डब्यात ४९ ते ६० हे क्रमांक त्या लहान मुलीने स्वतः लिहून टाकले आहेत.